चिनी लेखक-कलावंतांचे परिचय छापण्याआधी काय तपासायचं?

धरमपेठ_वाचनकट्टा:
आमच्या कट्ट्याची दिवाळीला घडीपत्रिका निघते. यंदा आजच्या चीनमधल्या आठ जणांचे परिचय घेतोय, प्रत्येकी दीड-दोनशे शब्द. मो यान, यू हुआ, यान लिआंके, कॅन झ्यू, लिऊ सिक्सिन हे लेखक, आय वेयवेय, झू बिंग हे चित्र-शिल्पकलावंत आणि पत्रकार हू शूली. कच्चा मजकूर इंग्रजीवरून उतरवलाय. एकेक नाव तीन तऱ्हांनी आलंय, सनावळ्या जुळत नाहीत, आणि निम्म्यांपुढे ‘बंदी घातलेले लेखक’ असं लिहून आलंय. सीताबर्डीतले छपाईवाले दोनच प्रुफं देतात. आधी काय बघू?

कपाशीचं_बोंड:
भाऊ, तो ‘बंदी घातलेले’ शिक्का आधी काढा. बंदी येते ती एखाद्या पुस्तकावर, सिनेमावर. यू ह्वांचं उदाहरण घ्या. ‘टू लिव्ह’ कादंबरी चीनमध्ये उघड विकली जाते, पण तिच्यावरचा चांग यीमोंचा 1994 चा सिनेमा तिथल्या थिएटरात लागू दिला नाही. त्यांचंच ‘चायना इन टेन वर्ड्स’ हे पुस्तक मुख्यभूमीत, म्हणजे हाँगकाँग-तैवान सोडून उरलेल्या चीनमध्ये, निघालंच नाही. एकाच माणसाच्या तीन गोष्टी, तिन्हींची गत वेगळी. येन ल्येनख (तुमच्या यादीतले यान लिआंके) यांच्या ‘सर्व्ह द पीपल’ कादंबरीवर 2005 मध्ये बंदी आली, तरी पुढे ते बीजिंगच्या रनमिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. म्हणून प्रत्येक पुस्तकापुढे साल आणि कुठे छापलं ते लिहा: मुख्यभूमी, हाँगकाँग की तैवान. विशेषण आपोआप गळून पडतं.

मो येन यांच्याबाबतीत लोक उलटी चूक करतात. चिनी लेखक संघाचे उपाध्यक्ष, म्हणजे सरकारी माणूस, असं लिहून मोकळे होतात. त्यांच्या ‘द गार्लिक बॅलड्स’ कादंबरीत काय आहे? सरकारच्या सांगण्यावरून लसूण लावला, पीक उदंड आलं, खरेदी बंद झाली आणि शेतकरी कचेरीवर चालून गेले. 2012 च्या नोबेलवर चार ओळी घालवण्यापेक्षा यावर घालवा. विदर्भातल्या वाचकाला वेगळं समजवावं लागणार नाही.

जुळारी_महाल:
नावांचं सांगतो. रोमन लिपीतली चिनी नावं इंग्रजीसारखी वाचली की घोटाळा होतो. सी म्हणजे त्स, एक्स म्हणजे श, क्यू म्हणजे छ. त्यामुळे कॅन झ्यू नाही, त्सान श्वे; लिऊ सिक्सिन नाही, ल्यू त्सशिन; झू बिंग नाही, श्यू बिंग. बीजिंग, शांघाय रुळलेत, त्यांना हात लावू नका. आधी आठही नावांचा एक तक्ता करा आणि प्रूफ त्या तक्त्यावरूनच वाचा, नाहीतर मथळ्यात एक आणि फोटोखाली दुसरंच छापून येतं.

आडनाव आधी येतं. दुसऱ्यांदा उल्लेख करताना ‘वेयवेय म्हणतात’ असं लिहिलं तर ते ‘पु. ल. म्हणतात’सारखं वाटतं खरं, पण ती नुसती सलगी झाली. ‘आय’ लिहा, मराठीत ते तुटक वाटत असेल तर पूर्ण नाव द्या. मो येन (खरं नाव ग्वान मोये) आणि त्सान श्वे (दंग श्याओह्वा) ही टोपणनावं आहेत. खरं नाव एकदाच, जन्मसालाशेजारी.

चित्रशाळा_४४००:
श्यू बिंग यांच्या ‘बुक फ्रॉम द स्काय’खाली ‘सुलेखन’ छापू नका. ती छपाई आहे. सुमारे 4,000 खोटी अक्षरं त्यांनी स्वतः रचून लाकडी ठशांवर कोरली. शिवण घातलेली पुस्तकं आणि छतावरून झोळीसारखे लोंबणारे कागदाचे पट्टे त्या ठशांनी छापलेत. चिनी माणसालाही त्यातलं अक्षर वाचता येत नाही, तेव्हा ‘मजकुराचा अर्थ’ देण्याच्या फंदात पडू नका.

आय वेयवेय यांच्याबद्दल 2011 मधले कोठडीतले 81 दिवस सगळेच लिहितात. बीजिंगच्या ‘पक्ष्याचं घरटं’ स्टेडियमच्या आराखड्यात ते कलासल्लागार होते, हेही त्याच परिच्छेदात यायला हवं. हू शूलींना 2014 चा मॅगसेसे आहे. ‘त्सायचिंग’ (1998) आणि तिथून बाहेर पडल्यावर 2009 मध्ये काढलेलं ‘त्सायशिन’ ही दोन वेगळी प्रकाशनं आहेत; उतरवताना हमखास एक होतात.

धरमपेठ_वाचनकट्टा:
तक्ता आजच करतो. ल्यू त्सशिन यांच्या ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ या विज्ञान कादंबरीला मात्र चार वेगवेगळी सालं मिळताहेत, 2006 पासून 2015 पर्यंत.

कपाशीचं_बोंड:
चारही बरोबर. 2006 ला मासिकात क्रमशः, 2008 ला चिनी पुस्तक, 2014 ला इंग्रजी भाषांतर, 2015 ला ह्यूगो पुरस्कार. ‘कादंबरीची सुरुवात (माओंच्या काळातल्या) सांस्कृतिक क्रांतीपासून होते’ असं वाक्य असेल तर पुढे ‘इंग्रजी आवृत्तीत’ जोडा. चिनी पुस्तकात तो भाग मध्ये आहे.