विषय: मंडळाची साइट बंद, एन्जिनएक्सला पोर्ट ८० मिळत नाही

नमस्कार मंडळी,

काल रात्री अपडेट करून सर्व्हर रीबूट केला, तेव्हापासून एन्जिनएक्स (आपली साइट दाखवणारा वेब सर्व्हर) सुरूच होत नाही. लॉगमध्ये एकच ओळ पाच वेळा: "बाइंड टू ०.०.०.०:८० फेल्ड (९८: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज)". शेवटी "स्टिल कुड नॉट बाइंड". आणखी दोनदा रीबूट केला, तरी तेच. एचटीटीपीने गेलं तर "इट वर्क्स" असं भलतंच पान येतं, एचटीटीपीएसने काहीच उघडत नाही. दिवाळीच्या जेवणाची नोंदणी रविवारी संपतेय, लोकांचे सारखे फोन येताहेत. कॉन्फिग बदलून बघू का?

– वेबसाइट समिती

———

अगं, कॉन्फिगला हात लावू नकोस. आधी आकडा बघ. ९८ म्हणजे त्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, दुसरं कुणीतरी आधीच बसलंय. १३ असता तर परवानगी नाही, ९९ असता तर तो आयपी त्या मशीनवरच नाही. तिन्हींचे उपाय वेगळे.

"सुडो एसएस -एलटीएनपी" चालव, कुठल्या पोर्टवर कोण बसलंय ते दिसेल. सुडो हवंच, नाहीतर प्रोसेसचं नाव दिसत नाही. ८० समोर अपाची हा दुसरा वेब सर्व्हर असणार, ते "इट वर्क्स"चं पान त्याचंच आहे. मध्यंतरी फोटो गॅलरीसाठी कुणी पीएचपी (गॅलरीसारखी पानं चालवणारी भाषा) टाकलं होतं का? उबुंटूवर नुसतं "ॲप्ट इन्स्टॉल पीएचपी" केलं की बहुतेक वेळा अपाचीही मागोमाग येतो. तेव्हा ८० एन्जिनएक्सकडे होता, म्हणून अपाची सुरू झाला नाही आणि कुणाला पत्ता लागला नाही. पण बूटच्या वेळी सुरू व्हायच्या यादीत तो राहिला, आणि काल तो आधी पोचला. कितीही रीबूट केलंस तरी हेच होईल. एचटीटीपीएसचा ४४३ मोकळा असला तरी एक पोर्ट अडला की एन्जिनएक्स अख्खाच उभा राहत नाही.

नुसतं किल करू नकोस, पुढच्या बूटला तो परत येईल. "सुडो सिस्टिमसीटीएल डिसेबल --नाऊ अपाची२" कर, मग एन्जिनएक्स स्टार्ट कर. गॅलरीसाठी पीएचपी-एफपीएम (एन्जिनएक्ससोबत पीएचपी चालवणारा प्रोग्रॅम) लागेल, पण आधी नोंदणी सुरू होऊ दे.

———

काका, अपाचीच निघाला! "*:८०" समोर त्याचं नाव होतं. गॅलरीसाठी पीएचपी मीच टाकलं होतं, गणपतीच्या आधी. आता साइट सुरू आहे. मुद्दाम एकदा रीबूट करून पाहिलं, एन्जिनएक्स आपोआप वर आला. नोंदणी मंगळवारपर्यंत वाढवतेय. गॅलरी अजून बंद आहे, शनिवारी लॅपटॉप घेऊन तुमच्याकडे येऊ का?