आईची टाच दुखते, दुसरा पाय सुजलाय: युरिक अ‍ॅसिडमुळे असेल का?

माशेलकर
नमस्कार. आई 61 वर्षांची, मधुमेह 14 वर्षं. रक्तदाबाच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे. दोन महिने उजवी टाच दुखतेय. सकाळी उठल्यावर पहिल्या चार पावलांना कळ येते, मग कमी होते, दुपारी ओट्याशी उभी राहिली की पुन्हा. एक्स-रेत टाचेचं हाड वाढलेलं दिसलं. युरिक अ‍ॅसिड 7.1. शिवाय दहा दिवस डावा पाय घोट्याखाली सुजलाय, हाताला गरम लागतो, पण तो फारसा दुखत नाही म्हणते. शेजारचे म्हणतात युरिक अ‍ॅसिडच, बांगडे-तारले बंद करा. टाचेचे व्यायाम आणि पथ्य सांगाल का?

पाऊलवाट (फिजिओथेरपिस्ट)
उजव्या टाचेचं वर्णन प्लांटर फॅसायटिसचं आहे. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा जाड पट्टा रात्री आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, जरा पुढे अंगठ्याने दाबा. नेमकी दुखरी जागा सापडेल. वाढलेल्या हाडाची भीती नको, काहीच न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेतही ते दिसतं.
खाटेवरून पाय खाली टेकवण्याआधी उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या. हाताने बोटं नडगीकडे ओढा, तळव्यातला पट्टा दोरीसारखा ताठ लागला पाहिजे. 10 सेकंद धरा, असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. त्याखेरीज भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची: मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, 30 सेकंद. गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवली तरी आराम पडतो.
लादीवर अनवाणी चालणं बंद. घरातही जाड तळाची, टाच किंचित उंच असलेली चप्पल हवी. पातळ रबरी स्लीपर नको. फरक पडायला काही आठवडे जातात, पूर्ण बरं व्हायला कधी वर्षही. स्टिरॉइडच्या इंजेक्शनची घाई करू नका. ते वरचेवर घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजते, क्वचित पट्टाही तुटतो.

मधुमेह-दवाखाना
माशेलकर, टाच थांबू शकते, डावा पाय थांबू शकत नाही. जुना मधुमेह, एकच पाय सुजलेला, गरम आणि दुखणं नावापुरतं, म्हणजे दुसरं काही सिद्ध होईपर्यंत शार्को फूट धरायचं. नसा बधिर झाल्यामुळे पायातली बारीक हाडं मोडतात, सांधे सरकतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. दुखत नाही यातच धोका आहे. कमान बसली की तळव्याला टेंगूळ येतं, तिथे जखम होते आणि पुढे पाय जाण्यापर्यंत वेळ येते.
दोन गोष्टी आत्ता बघा. आईला डोळे मिटायला सांगा आणि दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच बोट लावा. दाबू नका, चोळू नका. सहापैकी दोन किंवा जास्त कळले नाहीत तर संवेदना गेलेली आहे. मग कपाळाला धरतात त्या इन्फ्रारेड थर्मामीटरने, पृष्ठभागाचं तापमान दाखवणाऱ्या सेटिंगवर, दोन्ही पावलांचं एकाच जागी माप घ्या.
पाऊलवाट, तुमची माहिती बरोबर आहे, पण बधिर पायाला बर्फ नको आणि भिंतीशी उभं राहूनचा व्यायाम सध्या नको. मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवणंही नको. चटका बसलेला तिला कळणार नाही.

माशेलकर
मधली बोटं दोन्हीकडे कळली नाहीत. डावा 34.3, उजवा 31.1.

मधुमेह-दवाखाना
2 अंशांहून जास्त फरक म्हणजे आजच न्यायचं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) ऑर्थोपेडिक किंवा मधुमेहाचे डॉक्टर बघतील. तोवर डावं पाऊल जमिनीला टेकवू देऊ नका. गाडीपर्यंत व्हीलचेअर किंवा खुर्चीवरून न्या. बोटांच्या बेचक्यांत जखम किंवा ताप असेल तर जंतुसंसर्ग, आणि सूज पोटरीत चढली असेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. हे दोन्ही तिथे सांगा. सुरुवातीच्या एक्स-रेत काहीच न दिसणं शक्य आहे, म्हणून "एक्स-रे नॉर्मल" ऐकून परतू नका, एमआरआयचं विचारा. शार्को निघाला तर गुडघ्याखाली पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालतात आणि सूज उतरली की ते सैल होतं म्हणून वरचेवर बदलतात. बहुधा काही महिने चालतं.

संधिवात_गोवा
युरिक अ‍ॅसिडबद्दल: 6.8 च्या वर ते रक्तात विरघळलेलं राहत नाही, म्हणून 7.1 जास्त आहे, पण नुसत्या आकड्याला गाउट (युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साठून होणारा संधिवात) म्हणत नाहीत. गाउट बहुतेकदा रात्री अचानक उठतो, अंगठ्याच्या मुळाशी. चादर लागलेली सोसत नाही, दिवसभरात शिगेला जातो. दहा दिवस न दुखणारी सूज तशी नसते. हायड्रोक्लोरोथायाझाइडनेही हा आकडा वाढतो. गोळी मनाने थांबवू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा. गाउट नसेल तर केवळ 7.1 साठी अ‍ॅलोप्युरिनॉल (युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी) लागत नाही. आणि गाउट नसताना आईच्या ताटातला मासा काढून तिला काहीच फायदा नाही.

माशेलकर
निघालोय. जुने रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घेतली आहेत.