निकाल लागला, पण पैसे?

कामगार न्यायालयातली रिकामी पदं भरली की खटले रखडण्याचा प्रश्न सुटेल, असं म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. माझ्या बाबांची केस नऊ वर्षं चालली. निकाल बाजूने लागला, पण हातात आला तो फक्त कागद. थकलेल्या पगारासाठी वसुलीचा दाखला काढला, तो जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला, तिथून तहसीलदारांकडे. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ही वसुली करायची असते. तहसील कचेरीत ती फाईल कपाटावर पडून राहिली. दर सोमवारी बाबा डबा घेऊन तिथल्या बाकावर बसायचे. तोवर कारखान्यातली मशिनं विकली गेली होती.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. कामावरून काढलेल्याला समेट अधिकाऱ्याकडे (कामगार-मालक वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज केल्यावर ४५ दिवसांनी थेट न्यायालयात जाता येऊ लागलं, हे फार चांगलं झालं. निवाडा दिवाणी कोर्टामार्फत अंमलात आणायची सोयही झाली, पण म्हणजे पुन्हा नवं कोर्ट, नव्या तारखा!

कामगार न्यायालयाला स्वतःचा वसुली अधिकारी हवा. शिवाय ग्रॅच्युइटीच्या अपिलात मालकाला पूर्ण रक्कम आधी भरावी लागते. थकीत पगाराच्या निकालाला आव्हान देतानाही तोच नियम लावायला काय हरकत आहे?