मदत हवी आहे: उपनिषदांतला 'एक देव' आणि ज्याची प्रार्थना करतो तो देव, हे दोन्ही एकच का?

जाणकारांनी कृपया मदत करावी. 'देव कितीही असले तरी परमेश्वर एकच' हे सगळेच म्हणतात, पण तो एक कोण असं विचारलं की फाटे फुटतात.

सध्या बृहदारण्यक उपनिषदातला शाकल्य आणि याज्ञवल्क्य या ऋषींचा संवाद (३.९) वाचतोय. देव किती? आधी ३३०६, मग ३३, ६, ३, २, दीड (!) आणि शेवटी एक. शाकल्य तोच प्रश्न विचारत राहतो आणि आकडा उतरत जातो. तेहतिसांचा हिशेबही आहे: ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, वर इंद्र आणि प्रजापती. दीड म्हणजे वाहणारा वारा. इथवर मजा आली. पण शेवटचा एक म्हणजे प्राण, त्यालाच ब्रह्म म्हणतात, असं याज्ञवल्क्य सांगतात. आता प्राणाला साकडं कसं घालणार?

उलट श्वेताश्वतर उपनिषदात 'एको हि रुद्रः' म्हटलंय आणि त्याच रुद्राला विनवलंय, की हातातला बाण कल्याणकारी कर, कुणाला मारू नकोस. हा ऐकणारा देव आहे. देवीमाहात्म्यात तर विष्णूला जागं करायलाही ब्रह्मदेवाला देवीची स्तुती करावी लागते! प्रत्येक ठिकाणी सर्वोच्च वेगळा.

मग हे सगळे एकच, असं कोण म्हणतं आणि कशाच्या आधारावर? 'सगळ्या नद्या सागरालाच मिळतात' हे उत्तर कृपया नको, ते पाठ आहे.

प्रतिसाद १:
उत्तर भाष्यकारागणिक बदलतं. शंकराचार्यांच्या मते परब्रह्म निर्गुणच. उपाधीमुळे (मायेमुळे भासणाऱ्या मर्यादेमुळे) तेच ईश्वर म्हणून उपासनेला येतं. रामानुजाचार्यांना हे अजिबात मान्य नाही. त्यांचं ब्रह्म म्हणजेच नारायण, अनंत कल्याणगुणांनी भरलेला. मध्वाचार्य विष्णूला सर्वोत्तम मानतात आणि बाकी देवांची त्याच्याखाली उतरंड लावतात. तिथे 'सगळे एकच' हा प्रश्नच मिटतो.

तुम्ही ब्रह्मसूत्र (उपनिषदांचा अर्थ सूत्रांत मांडणारा ग्रंथ) ३.२.११ घ्या. ब्रह्माला सगुण आणि निर्गुण अशी दोन्ही लक्षणं असू शकतात का, हाच तिथला विषय आहे. शांकरभाष्य आणि रामानुजांचं श्रीभाष्य शेजारी ठेवून वाचा. एकाच सूत्रातून दोघं उलट निष्कर्ष काढतात. माझा कल रामानुजांकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

प्रतिसाद २:
मीमांसकांना, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या लोकांना, विसरू नका. वेद प्रमाण मानूनही यज्ञाचं फळ द्यायला त्यांना ईश्वर लागत नाही, 'अपूर्व' (यज्ञातून निर्माण होणारी, पुढे फळ देणारी अदृश्य शक्ती) पुरतं. म्हणजे 'परमेश्वर एकच' हे सगळ्या आस्तिक (वेद मानणाऱ्या) दर्शनांचं मत आहे हेही गृहीत धरू नका.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. ३.२.११ पासून सुरुवात करतो. श्रीभाष्याचं सोपं मराठी भाषांतर कुणाला माहीत असेल तर सांगा, संस्कृत जेमतेम येतं.