पामबीचवर मुलींचा ग्रुप: दोघी सुसाट, बाकीच्या मागे. ग्रुप तोडू का?

नेरुळची_आई:
नमस्कार मंडळी, आम्ही सोसायटीतल्या नऊ जणी रविवारी पहाटे साडेपाचला सायकली काढून नवी मुंबईतल्या पामबीच रोडला जातो, वाशीवरून बेलापूरच्या किल्ले गावठाण चौकापर्यंत आणि परत. पाच मुली आठवी ते दहावीच्या आणि चार आया. पावसाळ्यानंतर सुरू केलं तेव्हा मजा होती, आता दोघी (त्यातली एक माझीच) पहिल्या सिग्नललाच गायब होतात, चौकात जाऊन दहा मिनिटं मोबाईल बघत बसतात आणि आठवीतली पोर मागे एकटी, परवा तर रडायच्या बेताला आली. माझी म्हणते, "मम्मी तुमच्याबरोबर चालवणं म्हणजे मॉर्निंग वॉक आहे." आता एका लोकल रेसमध्ये चौघींची टीम उतरवता येईल असं कळलंय. फास्टवाल्यांचा वेगळा ग्रुप करू का? आणि सगळ्यांना रोड बाईक (पातळ टायरची रेसिंगची सायकल) लागेल का? दोघींकडेच आहे, दोन हायब्रिड (रोड आणि माउंटन बाईकच्या मधल्या) आणि आठवीवालीकडे बास्केटवाली लेडीज सायकल.

सेक्टर१७_रायडर:
वेगळा करा सरळ. टॅलेंट असेल तर हळू चालणाऱ्यांसाठी थांबवून काय मिळणार, उगाच इमोशनल नका होऊ.

जुना_चेनवाला:
दादा, रेस एकटीची असती तर ठीक होतं, इथे टीम म्हणतायत. ताई, ट्रॅकवर टीम परस्यूट असते, म्हणजे अख्ख्या टीमने एका ओळीत चालवून कमीत कमी वेळ काढायची रेस, ती मुलीला यूट्यूबवर दाखवा. 2012 ला लंडन ऑलिम्पिकमध्ये बायकांची ही रेस 3 किलोमीटरची होती, तिघी उतरायच्या आणि वेळ तिसरीचा धरायचे, म्हणजे एकही सुटली की संपलं. रिओ 2016 पासून चौघी आणि 4 किलोमीटर झालं, पण वेळ अजून तिसरीचाच. पहिली कितीही उडाली तरी घड्याळ तिसरीचं पुढचं चाक रेषेवर आल्यावरच थांबतं. लोकल रेसचे नियम आयोजकांना नीट विचारून घ्या, ते आपापले वेगळे असतात.

आता पामबीचवर करायचं काय. सपाट रस्त्यावर 30 च्या स्पीडला बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते, मागची पुढचीच्या चाकामागे नीट जवळ राहिली तर तिची वीस-पंचवीस टक्के तरी मेहनत वाचते. म्हणून तुमच्या दोघींना आळीपाळीने पुढे ठेवा, मिनिटभर ओढायचं, मग डावी-उजवीकडे आधी मान वळवून बघायचं आणि बाजूला होऊन मागे सरकायचं. पुढे आलेलीने स्पीड वाढवायचा नाही, सगळ्या मुली हीच चूक करतात (मुलगे तर दुप्पट). पुढचीच्या मागच्या चाकाच्या शेजारी आपलं पुढचं चाक घुसवायचं नाही, घासलं की मागचीच पडते. खड्डा दिसला तर ओरडायचं, ब्रेक मारायच्या आधी ओरडायचं. पहिले दोन-तीन रविवार एका चाकाएवढं अंतर ठेवा, घाई नको, आणि हे सगळं पहाटेच, नंतर तिथे गाड्या ज्या सुटतात ते तुम्हाला माहीतच आहे.

रोड बाईकसाठी आत्ता पैसे घालू नका. लेडीज सायकलची बास्केट काढा, टायरमध्ये हवा नीट भरा, चेन साफ करा, सीट इतकी वर घ्या की पेडल खाली असताना गुडघा अगदी थोडा वाकलेला राहील. निम्मा त्रास तिथेच जाईल. हेल्मेट मात्र सगळ्यांना, आयांना पण.

येऊरवाली_ताई:
मी ठाण्याची, उपवनवरून येऊरचा चढ मारते. दादांचं पटलं पण एक सांगू का, मुली सायकल सोडतात ती स्पीडमुळे नाही. मी दहावीत सोडली. क्लास सकाळी सहाचा, रस्त्यात टॉयलेट नाही, पाळीच्या दिवसांत घरी सांगायची लाज आणि एकदा रेसला गेले तर मुली, बायका, काकू सगळ्यांची एकच "लेडीज ओपन", त्यात माझा नंबर शेवटून दुसरा. परत गेलेच नाही, तीस वर्षांची झाल्यावर पुन्हा हातात घेतली. त्यामुळे तुमच्या मार्गावरचं चालू पेट्रोल पंपाचं टॉयलेट आधी शोधून ठेवा, पॅडेड शॉर्ट्स घ्या. आणि रेसच्या फॉर्मवर मुलींची वयोगटाची कॅटेगरी आहे का ते बघूनच पैसे भरा.

माझ्या वेळी आपल्या राज्यातली एकही सायकलपटू मला माहीत नव्हती. आता कोल्हापूरकडची पूजा दानोळे, भंडाऱ्याची मयूरी लुटे असं नाव घेऊन सांगता येतं, पुण्यात बालेवाडीला व्हेलोड्रोम (सायकल रेसचा ट्रॅक) आहे, एकदा नेऊन दाखवा.

नेरुळची_आई:
धन्यवाद सगळ्यांना, काल केलं. आठवीवालीला बास्केट काढून तिसऱ्या नंबरला ठेवली आणि "वेळ तिचा" असं सांगितलं. माझी पहिली पाच मिनिटं तोंड वाकडं करून चालवत होती, नंतर पुढून ओरडायला लागली, "आहेस का गं मागे?" तीन वेळा ओळ मोडली, एकदा मीच ब्रेक आधी मारला आणि मग ओरडले, शिव्या खाल्ल्या. पण चौकात चौघी एकत्र पोचल्या. आता आठवीवाली विचारते, बास्केट नाही तर पाण्याची बाटली ठेवू कुठे? तिच्या फ्रेमला स्क्रूची भोकंच नाहीयेत.

जुना_चेनवाला:
हँडलला पट्ट्याने बसणारं बॉटल होल्डर मिळतं, ते घ्या. आणि पाणी ओळीत असताना प्यायचं नाही, मागे असेल तेव्हाच.