शूमानचं 'किंडरझेनेन' आणि पेटीला सरावलेला हात

पेटीवाली_पंचवटी:
नमस्कार मंडळी. लग्नाआधीपासून पेटी वाजवते, आमच्या भजनी मंडळाला एकादशीला साथ माझीच असते. निवृत्तीनंतर हौसेने ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला. शिकवणाऱ्या बाईंनी जर्मन संगीतकार शूमानच्या 'किंडरझेनेन'मधला (म्हणजे 'बालपणीची दृश्यं') पहिला तुकडा दिलाय. आपल्या हिशेबाने सा पांढरी पाचचा. सुरुवातच ग सां नी ध प, लगेच गुणगुणता येते. पण वाजवताना मधले सूर चालीइतकेच मोठे वाजतात. मोबाइलवर रेकॉर्ड करून नातीला ऐकवलं तर म्हणाली, "आजी, यात गाणं कुठाय?" सगळीकडे लिहिलेलं असतं की हे लहान मुलांचे सोपे तुकडे आहेत. मग माझ्या हाताला का जमेना? हे बाजूला ठेवून दुसरं काही घेऊ का? मला त्यातल्याच 'ट्रॉइमेराय'पर्यंत पोचायचंच आहे.

देवळालीकर:
ताई, हे तुकडे मुलांनी वाजवावेत म्हणून लिहिलेलेच नाहीत. १८३८ मध्ये शूमानने तिसेक छोट्या रचना केल्या, त्यातल्या तेरा निवडून हे 'किंडरझेनेन', म्हणजे ऑपस (रचनाक्रमांक) १५ केलं. मोठ्या माणसाने मागे वळून पाहिलेलं बालपण आहे ते. तेव्हा त्याचं क्लाराशी लग्नही झालं नव्हतं, ते १८४० चं. मुलांसाठी त्याने लिहिलं ते १८४८ मध्ये: ऑपस ६८, 'आल्बुम फ्यूर डी युगेंड' (मुलांसाठीचा संग्रह), ४३ तुकडे. त्याची सुरुवात थोरल्या मुलीच्या, मारीच्या वाढदिवसासाठी झाली.

आता तुमचा हात. पेटीत आवाज भात्यातून येतो. चार पट्ट्या दाबल्या की चारही सारख्याच बोलतात, बोटाचा जोर कितीही असो. पियानोत प्रत्येक बोटाला स्वतःचा भाता आहे. या तुकड्यात वर चाल, खाली खर्ज आणि मध्ये तीन-तीन सुरांची साखळी, तीही दोन्ही हातांत वाटलेली. म्हणजे उजव्या हाताने करंगळीकडून गायचं आणि त्याच वेळी अंगठ्याकडून कुजबुजायचं. सगळा घोळ त्या अंगठ्याचा. आठवडाभर मधली साखळी गाळून फक्त चाल आणि खर्ज वाजवा. मग मधल्या सुरांवर बोटं नुसती टेकवा, पट्टी खाली जाऊ देऊ नका. कान चालीवर पक्का बसला की एकेक सूर आत घ्या. हाताचं वजन करंगळीकडे कललेलं राहू द्या.

दुसरं म्हणजे, तुमचा डावा हात आजवर भाता मारत आलाय, त्याने चाल कधी धरलेली नाही. त्यासाठी ऑपस ६८ मधला दहावा तुकडा, 'फ्रोयलिशर लांडमान' (आनंदी शेतकरी), जरूर घ्या. पांढरी चार, अख्खी चाल डाव्या हातात, उजवा मधूनमधून कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) देतो. पेटीवाल्यांसाठी याहून चांगलं औषध मला ठाऊक नाही.

कॉलेजरोड_तळमजला:
लांडमान घ्या, पण ऑपस १५ सोडू नका ताई. ज्या रचनेवर जीव जडलाय ती हातात असेल तरच रोज पियानोपाशी बसणं होतं.

ट्रॉइमेरायबद्दल दोन गोष्टी. छापील मेट्रोनोम (लयीचा वेग, मिनिटाला ठोके) १०० आहे, क्लाराच्या आवृत्तीत ८०, आणि बहुतेक पियानिस्ट त्याहून बरेच सावकाश वाजवतात. माझं स्पष्ट मत, रखडवू नका, चाल एका श्वासात म्हणता आली पाहिजे. दुसरी गोष्ट पेटीवाल्यांना फार जड जाते. पेटीचा सूर पट्टी दाबून ठेवाल तोवर भरलेला राहतो, पियानोचा वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. सुरुवातीला मंद्र पंचमावरून सा वर येऊन थांबायचं असतं. तो सा कुठवर विरलाय ते ऐका आणि पुढचा नी तेवढ्याच आवाजात घ्या. नाहीतर प्रत्येक सूर वेगळा टोचतो. शेवटाकडे तार गंधारावर फर्माटा (सूर लांबवून थांबायची खूण) येतो. तोच गंधार आधीही येऊन गेलेला असतो, पण आता खालचा कॉर्ड वेगळा आहे. तिथे घाई केलीत तर सगळं गेलं.

पेटीवाली_पंचवटी:
दोघांचेही मनापासून आभार. काल साखळी गाळून वाजवलं आणि नातीने चाल लगेच ओळखली! लांडमानचीही नोटेशन काढून घेतली आहेत. एक राहिलं, सूर लांबवणारं पेडल कधीपासून?

देवळालीकर:
साखळी हलकी झाल्यावरच. पेडल आधी घेतलंत तर अंगठ्याचा जोर त्यात झाकला जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. नंतर खर्ज बदलला की पेडल बदला: नवा सूर वाजला की लगेच पाय उचलून पुन्हा दाबायचा, सुराच्या आधी नाही. लांडमान मात्र पूर्ण कोरडाच, पेडलशिवाय वाजवा.