मदत हवी आहे : 'एक्स्टिरियर'ला नेमका मराठी शब्द कोणता?

नाशिकमधल्या जुन्या वाड्यांच्या माहितीफलकांचा मजकूर मराठीत करायचा आहे आणि गाडी 'एक्स्टिरियर'पाशी अडते. 'दर्शनी भाग' म्हटलं की फक्त रस्त्याकडची बाजू येते, ती 'फसाड'. एक्स्टिरियरमध्ये चारही बाजू आल्या, मागची न्हाणीघराची भिंतसुद्धा. 'पृष्ठभाग' तर नकोच, तो सरफेस. आतल्या भिंतीलाही असतो. विशेषण असेल तर सोपं: भूमितीत बाह्यकोन, रंगाच्या डब्यावर 'बाहेरच्या भिंतींसाठी'. नाम आलं की पंचाईत. काळाराम मंदिराच्या काळ्या दगडी एक्स्टिरियरला 'बाह्यभाग' चालेल की 'बाह्यांग'? माणसाच्या कठोर एक्स्टिरियरला 'वरून कडक' पुरतं, तिथं नाम लागतच नाही. गवंडी, सुतार बोलताना काय म्हणतात, तेही कळवा. फलकावर तोच शब्द जास्त शोभेल.